खिडकीत आलेला हात

माझ्या घराचं पाणी तोडण्याची नोटीस माझ्याच खात्याकडून आली, तेव्हा ती बायकोच्या आधी मी उचलायला हवी होती. पण दारात पडलेले कागद उचलणं हा आमच्या घरात तिचा प्रांत आहे, आणि उचललेला कागद माझ्या नाकापुढे नाचवणं हाही तिचाच. मी पाणीखात्यात बिलाचे पैसे घेतो. खिडकी नंबर तीन. अख्ख्या गावाची बिलं माझ्या हातून जातात आणि माझं एकट्याचंच बिल दोनदा राहून जातं, यात लोकांना काहीतरी विचित्र वाटतं. मला वाटत नाही. न्हावी स्वतःचे केस स्वतः कापत नाही, त्याला कोणी नोटीस देत नाही.

"उद्या मीच जाऊन भरते," बायको म्हणाली.

"चालेल," मी म्हणालो. पुढचं सगळं रामायण या एका 'चालेल'मुळे घडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो. समोर झाकलेलं ताट. बायको ताट झाकून ठेवते तेव्हा आत काहीतरी खास असतं, या अनुभवाने मी हसतमुखाने झाकण उचललं. आत बिल होतं. माझ्या नावाचं. त्यावर 'भरणा झाला' असा शिक्का, आणि शिक्क्यावर माझी स्वतःची, शेपटी फिरवलेली सही.

"भरलंस का? छान," मी म्हणालो.

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"नाव कुणाचं आहे?"

"माझंच."

"आणि पैसे कुणी दिले?"

इथपर्यंत आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तो फारच उशिरा पडलेला होता.

आता आमची खिडकी कशी आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही तिच्या बाजूने बोलायला लागाल. माझ्यापुढे टेबलापासून माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत काच आहे. ती पूर्ण पांढऱ्या रंगाने रंगवलेली. कधी, कुणी, का, कुणाला ठाऊक नाही. खाली मधोमध एक अर्धगोल भोक. लोक बाहेरून वाकतात, भोकातून हात आत येतो, हातात बिल आणि नोटा असतात. मी नंबर बघतो, रक्कम बघतो, शिक्का मारतो, सही करतो, "पुढे व्हा" म्हणतो. नाव वाचायला पगार मिळत नाही. गेली वीसेक वर्षं मी या गावाला मनगटापर्यंतच ओळखतो. मनगटाच्या पुढे माणूस असतो हे मला तत्त्वतः मान्य आहे, पण त्याचा माझ्या कामाशी संबंध येत नाही.

"तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं?" बायकोने विचारलं.

"मी? तुला? कधी?"

"'सुट्टे आणायला काय होतं? घरी कोणी सांगत नाही का?' मी अख्खा रस्ता विचार करत आले. खरंच, घरी मला कोण सांगणार?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. काचेचा रंग, मागची रांग, डोक्यावरच्या पंख्याचा आवाज. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बायकोला उत्तर देता येतं. ही नुसती आपल्या हातांकडे बघत बसली.

"इतकी वर्षं या हातचं जेवताय," ती म्हणाली. "हे हात तुम्हाला कुणाचेही वाटले."

हे मात्र मला लागलं. तिला काही आणून देऊन समजूत काढता आली असती तर मी त्याच पावली बाजार गाठला असता. पण तिने अटच घातली. पुढच्या बिलाच्या शेवटच्या तारखेला ती पुन्हा येणार. एक शब्द बोलणार नाही. बिल घडी घालून देणार, म्हणजे नाव वाचून ओळखायची सोय नाही. आधी हात ओळखायचा, मग घडी उघडायची.

"आणि नाही ओळखला तर?"

"तर काही नाही," ती म्हणाली. नवरा झालेल्या कुठल्याही माणसाला या 'काही नाही'ची भीती समजेल.

सुरुवातीला मला यात अवघड काही वाटलं नाही. घरी बसून तिच्या हातांचा नीट अभ्यास करायचा, बस. मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू लागलो. ती भाजी चिरायची, मी बघायचो. डाव्या अंगठ्याशी एक जुना भाजल्याचा डाग, उजव्या तर्जनीला किंचित बाक. माझा अभ्यास रंगात आला होता.

"काय बघताय?"

"सुरीला धार नाही वाटतं."

"कॉपी करताय ना?" असं म्हणून तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात शिरलो की ती हात फडक्यात गुंडाळायची. चहासुद्धा फडक्यात धरून द्यायची. पाहुण्यांना वाटायचं, हिचे हात भाजलेत. मग ते माझ्याकडे रागाने बघायचे.

आता ही गोष्ट घरातच राहिली असती तर तिला गोष्ट कोण म्हणणार? ती जिन्यात गेली. जिन्यात गेलेली गोष्ट आमच्या इमारतीत कोणालाही मोफत मिळते. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सुचवलं, की बायकोला ठळकशी सोन्याची अंगठी करा आणि तिच्यावरून ओळखा. हा सल्ला त्यांनी माझ्या बायकोसमोर दिला, आणि बायको प्रथमच प्रसन्न हसली. मेहुण्याने फोनवर सांगितलं, "दाजी, सोपं आहे. दिवसभर येईल त्या हाताला 'ओळखलं!' म्हणायचं. एकदा तरी बरोबर येईलच की." हा मेहुणा परीक्षेतही असाच पास होत आलेला आहे.

खरा सल्ला दिला तो वरच्या मजल्यावरच्या नियमकाकांनी. नियमकाका कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे आजवर कोणाला कळलेलं नाही, पण त्यांना सगळ्या खात्यांचे नियम पाठ आहेत. ते म्हणाले, "हात ओळखायचा कशाला? काचेवरचा रंग काढा. तोंडच दिसेल!"

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. बायकोची अट हात ओळखायची होती, हे मला दिसत होतं. पण समोर तोंड दिसत असताना हात ओळखल्याचा आव आणणं कितीसं कठीण?

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो. आमचे साहेब कुठलीही विनंती ऐकताना आधी डोळे मिटतात. लोकांना वाटतं विचार करताहेत.

"काच आपल्या खात्याची आहे," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "पण रंग बांधकाम खात्याचा. त्यांना विचारा."

बांधकाम खातं आमच्याच इमारतीत, पलीकडच्या टोकाला आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं, "आम्ही रंग लावतो. काढत नाही. काढायचा अर्जच नाही आमच्याकडे."

"पण लावलेला रंग काढावा लागला तर?"

"तर तुम्ही आधी लावायला का सांगितला?" त्यांनी मला विचारलं. मी तिथून निमूटपणे परत आलो.

नियमकाकांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली. "अहो, रंग काढायची परवानगी मागू नका. नवीन लावायची मागा! नवीन लावायला रंगारी येणार. तो आधी जुना खरवडणार. खरवडून झाला की त्याला थांबवायचा. आहे काय त्यात!"

या माणसाला निवृत्त करून सरकारने काय मिळवलं, देव जाणे.

मी अर्ज केला. अर्जाला वजन यावं म्हणून खिडकीच्या आणखी चार तक्रारी वाढवून लिहिल्या. भोकातून वारा येतो, नोटा उडतात, असंही ठोकून दिलं. नोटा कधीच उडत नव्हत्या. पण अर्जात एकच तक्रार असली की ती खोटी वाटते. ते वाऱ्याचं वाक्य आठवलं की अजूनही मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

रंगारी आला. हा मनुष्य स्वतःला कलावंत समजायचा. काचेपुढे उभा राहून त्याने मान वाकडी करून पांढऱ्या रंगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुणी केलंय हे? हात नाही हो त्याला." मग सकाळभर बसून त्याने काच अशी खरवडली, की ती आहे की नाही हे बोट लावून बघावं लागे. मी लगेच पुढे झालो. "आता थांबा. साहेबांची सही यायची आहे." तो दुसऱ्या कामावर निघून गेला, आणि मी विजयी मुद्रेने खुर्चीत बसलो.

समोर तोंडंच तोंडं! मी आणि गाव एकमेकांकडे बघत राहिलो.

"हे होय ते?" रांगेतली एक आजीबाई म्हणाली. "आवाजावरून वाटलं, चांगला दांडगा असेल."

"मला तर वाटायचं मिश्या असतील," तिच्या मागचा म्हणाला.

माणसाने वीस वर्षं दरारा कमवावा आणि तो एका काचेसरशी जावा! नंतर तर हद्द झाली. कोणी माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलं. कोणी डबा खाताना "सावकाश, ठसका लागेल" म्हणालं. एका बाईने तर मुलाला उचलून मला दाखवलं आणि सांगितलं, "बघ, अभ्यास केला नाहीस तर इथे बसावं लागेल."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. हाताला "पुढे व्हा" म्हणता येतं. तोंडाला म्हणता येत नाही. ज्या थरथरत्या हाताला मी नेहमी "लवकर करा" म्हणायचो, तो आमच्या शाळेतल्या जुन्या शिपायाचा निघाला. माझी लपवलेली चप्पल शोधून द्यायचा तो. त्याच्याशी दोन शब्द बोललो. मग मागच्याशी बोलावं लागलं, नाहीतर तो काय म्हणेल? एकीने मुलीचं लग्न मोडल्याचं सांगितलं. दुसऱ्याने गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगितली, पाय वर करून व्रण दाखवला. रांग दारातून बाहेर, फाटकातून रस्त्यावर गेली. तिथे तिला भाजीवाल्याची रांग येऊन मिळाली आणि कोण कशासाठी उभं आहे हेच कळेनासं झालं.

दुपारी सूर्य समोरच्या दाराच्या चौकटीत उतरला आणि काचेतून थेट माझ्या डोळ्यांत घुसला. तेव्हा मला समजलं, की माझ्या आधी इथे बसलेल्या कुण्या शहाण्याने काच का रंगवून घेतली होती. पण मी माघार घेणाऱ्यातला नाही. घरून छत्री आणली आणि ती उघडून खुर्चीत बसलो. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून साहेब आले.

साहेबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. चांगले मोठे उघडले.

"पाणीखात्यात बसून छत्री?" त्यांनी विचारलं. पुढचं मी सांगत नाही. रंग तातडीने लावण्याचा हुकूम निघाला, एवढं पुरे.

तरी मी हिंमत सोडली नव्हती. बायकोची तारीख उलटेपर्यंत रंगाऱ्याला टोलवायचं, असा माझा बेत होता. तो आला की मी त्याला चहा पाजायचो, त्याच्या कलेविषयी विचारायचो, आणि तो बोलण्यात रंगला की कार्यालय बंद व्हायची वेळ व्हायची. पण एक दिवस तो चहाला नाही म्हणाला. "काम पुरं केल्याशिवाय माझं बिल निघत नाही, भाऊ. आणि अर्धी काच सोडलेली माझ्याच्याने बघवत नाही." त्या संध्याकाळी मी घरी गेल्यावर त्याने कार्यालयाच्या शिपायाकडून किल्ली घेतली.

सकाळी येऊन बघतो तर काच दुधासारखी पांढरी. एक नाही, दोन हात दिलेले. आणि माझ्या अर्जातली वाऱ्याची तक्रार बांधकाम खात्याने मनावर घेतली होती. भोकाला खालून आणि वरून लाकडी पट्टी ठोकली होती. पूर्वी मनगट तरी आत यायचं. आता नुसती बोटं येणार होती.

त्याच दिवशी बिलाची शेवटची तारीख होती.

एवढं कमी होतं म्हणून की काय, त्याच सकाळी माझा चष्मा सापडेना. घरी उशी, कपाट, न्हाणीघर सगळं पालथं घातलं. बायको फडक्यात हात गुंडाळून शांतपणे बघत होती. मला काय समजायचं ते मी समजलो. तिनेच लपवला. युद्धात सगळं चालतं हे मला ठाऊक आहे, पण नवऱ्याचा चष्मा? मी एक शब्द न बोलता, मानाने, दाराच्या चौकटीला धडकून बाहेर पडलो.

चष्म्याशिवाय मला लांबचं दिसतं, जवळचं नाही. बिलं हात लांब करून वाचत होतो. भोकातून येणारी बोटं मात्र नुसती धुरकट शेवयांसारखी दिसत होती. शेवटी मी ठरवलं, यातलं कुठलंही बोट तिचं असू शकतं. तेव्हा प्रत्येक बोटाशी तिच्याशी बोलावं तसं बोलायचं.

"या, या. उन्हातून आलात? सुट्टे नसले तरी चालतील हं, मी बघतो. जेवण झालं का?"

पाणीखात्याच्या इतिहासात हे असं कधी घडलं नव्हतं. बाहेर कुजबुज सुरू झाली. "बदली झाली वाटतं त्या जुन्याची," कोणीतरी म्हणालं. "हा नवीन बरा आहे." हे ऐकून सुख मानावं की दुःख, मला समजेना.

तेवढ्यात बोटं आली. स्वच्छ, निमुळती, घडी घातलेलं बिल हळूच पुढे सरकवणारी. ती काही बोलेना. मेहुण्याचा सल्ला आठवला. मी ती बोटं दोन्ही हातांनी धरली आणि म्हणालो, "ओळखलं! अगं, हे हात मी ओळखणार नाही का? झालं गेलं विसरून जा आता."

"अहो, मी आहे," नियमकाका बाहेरून दबक्या आवाजात म्हणाले. "सोडा. मागे लोक आहेत."

त्यानंतर माझं अवसान गळालं. बंद व्हायची वेळ जवळ आली, रांग संपत आली. तिने येऊन भरलं असेल आणि मी तिला परत एकदा "पुढे व्हा" म्हणालो असेन, नाहीतर ती आलीच नसेल. यातलं जास्त वाईट कुठलं, याचा विचार करत मी शिक्के मारत होतो. तेवढ्यात भोकातून काहीतरी आत येऊ लागलं. बिल नव्हतं. लांबट, काळं, आडवं काहीतरी, पट्टीत अडकत होतं.

"वस्तू इथे घेत नाहीत," मी थकून म्हणालो आणि ते परत ढकललं. "इथे फक्त बिल."

ते पुन्हा आत आलं. मी पुन्हा ढकललं. असं थोडा वेळ चाललं.

"अहो, चष्मा आहे तुमचा!" बाहेरून बायकोचा आवाज आला. "धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात होता. दुपारपासून उभी आहे रांगेत. घाला आधी डोळ्यांवर!"

मी चष्मा घातला. भोकात तिची बोटं तशीच होती. तर्जनीचा तो किंचित बाक आता ठळक दिसत होता. दुपारपासून! मी घरी तिला चोर ठरवून आलो होतो, आणि ती न बोलण्याची स्वतःचीच अट मोडून, लोकांच्या मागे उभी राहून माझा चष्मा घेऊन आली होती. मला इतकं भरून आलं, की मी शिक्का खाली ठेवला, खुर्ची मागे सारली, आणि कामाच्या वेळेत, साहेबांना न विचारता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दारातून वळसा घालून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेलो.

ती अजून वाकलेलीच होती.

"नाही ओळखलं," मी म्हणालो. "कितीदा परत ढकललं तुला. खरं ते सांगून टाकतो."

"ते कळलं. नियमकाकांना बरं ओळखलंत." तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, सांगता येत नाही. "इकडे या. वाका. बघा आत."

मी वाकलो. माझी कंबर कुरकुरली. भोकातून माझं टेबल दिसलं, शिक्का दिसला, शाईची गादी दिसली. मी बसतो तिथे माझ्या तोंडाच्या जागी पांढरा रंग.

"इथून तुमचाही नुसता हातच दिसतो," बायको म्हणाली. "शिक्का मारताना करंगळी वर असते. बाजूच्या नखाला शाई. मी मागच्या वेळी वाकले आणि लगेच ओळखलं. म्हणून तर गप्प राहिले, म्हटलं आता हेही ओळखतील."

मी माझा हात वर करून बघितला. नखाला शाई होतीच.

"ओ साहेब," रांगेच्या शेवटून कोणीतरी ओरडलं, "बायकोशी घरी जाऊन बोला की! खिडकी बंद होईल!"

मी आत जाऊन बसलो. तिचं बिल घेतलं, घडी उघडली आणि त्यावरचं नाव मोठ्याने, पूर्ण वाचलं. शिक्का मारला, सही केली, पावती भोकातून बाहेर दिली. तिने पावती घेतली आणि पावतीबरोबर माझी करंगळीही धरून ठेवली. मागे रांग चुळबुळत होती. मी नेहमीचे ते दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, पण जिवावर आलं. उलट मीच तिची बोटं धरून ठेवली.

शेवटी तीच म्हणाली, "सोडा आता. पुढे होते मी."